बागेचे वर्षासन

मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर 'निधी' या शब्दाइतका राबवला जाणारा शब्द दुसरा नसेल. निधी मंजूर होतो, वर्ग होतो, अखर्चित राहतो, मार्चअखेर परत जातो. त्याच्यावरून श्रेयवाद होतो आणि त्याच्या नावाने फलक लागतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र आपण विसरून गेलो आहोत. निधी म्हणजे ठेवा, जमिनीत पुरलेले धन. ते नशिबाने सापडते आणि एकदाच सापडते. जुन्या मराठी कागदपत्रांत याच्या जवळपास वावरणारे पण वेगळ्याच जातीचे दोन शब्द आहेत: वर्षासन आणि नेमणूक. देवळाच्या नंदादीपाला, शास्त्र्याला, अन्नछत्राला जे दरसाल ठरलेल्या तिथीला पोचायचे ते वर्षासन. सरकारी हिशेबाच्या भाषेत आज यालाच 'आवर्ती' आणि 'अनावर्ती' खर्च म्हणतात. शब्द रूक्ष आहेत, पण उद्याने, अभयारण्ये, घाटवाटा, पाणवठे आणि मोकळी राने यांच्यावर सार्वजनिक पैसा कसा खर्च झाला याचा इतिहास पाहू लागलो की, तो या दोन शब्दांमधल्या अंतराचाच इतिहास आहे असे आम्हांला वाटू लागते.

हा इतिहास पाहायला आम्ही कन्नड तालुक्यातले देवगाव रंगारी हे गाव निवडले, ते तिथे एखादे प्रसिद्ध उद्यान आहे म्हणून नव्हे. वेरूळहून शिऊर बंगल्याकडे आणि पुढे येवल्या-नाशिकला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे हे बाजारपेठेचे गाव. नावातला 'रंगारी' कापड रंगवणाऱ्यांची आठवण सांगतो. गाव शिवना नदीच्या खोऱ्यात आहे. ही नदी कन्नडच्या डोंगरांकडून येते आणि गंगापूर तालुक्यात गोदावरीला, म्हणजे आता नाथसागराच्या फुगवट्याला, मिळते. उगमाकडच्या डोंगरात गौताळा औट्रमघाट अभयारण्य, मुखाकडे जायकवाडी पक्षी अभयारण्य; दोन्ही १९८६ साली जाहीर झालेली. पूर्वेला वेरूळची लेणी. सार्वजनिक पैशाच्या या तीन मोठ्या खात्यांच्या मधोमध देवगावसारखी गावे बसलेली आहेत, आणि त्यांच्या वाट्याला यातले काय आले हा प्रश्न त्यामुळे आपोआपच उभा राहतो.

आरंभ गौताळ्याच्या पोटातूनच करता येतो. अभयारण्याच्या हद्दीत पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीची. तिथल्या कोरीव लेखांत दात्यांची नावे आहेत: प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, एक गंधिक मितदेव, पैठणचेच संघकाचे पुत्र, राजवैद्य मगिल. अत्तराच्या व्यापाऱ्याने इतक्या लांब डोंगरात येऊन खांब दान द्यावा, यावरून घाटातून जाणाऱ्या व्यापारी वाटेचे महत्त्व कळते. पण आपल्या विषयापुरते पाहिले तर खांबाचे दान हे अनावर्ती दान आहे. खांब उभा राहिला, त्यावर नाव कोरले, काम संपले. नामफलकाची हौस दोन हजार वर्षांची आहे असे म्हणायला हरकत नाही. (या फलकांचे अक्षर मात्र आजच्यापेक्षा टिकाऊ निघाले.)

याच्या पुढची पायरी दिसते ती देवगावावरून जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचे लेख आहेत. त्यात त्याने केलेल्या कामांची जी यादी येते ती आजच्या कोणत्याही जिल्हा नियोजन समितीने आपली म्हणावी अशी आहे: वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा, बागा, तलाव, विहिरी, नदीकाठी पाणपोया, आणि तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा. वाटा, पाणी, सावली आणि उतार, म्हणजे उघड्यावरच्या प्रवासाला लागणारे सारे काही. परंतु आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे तो त्याचा दुसरा लेख, वर्ष ४२ चा. संघाला लेणे दिल्यावर त्याने तीन हजार कार्षापणांची 'अक्षयनीवी' करून दिली. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षय म्हणजे ज्याला हात लावायचा नाही असे. ही रक्कम गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळायचे. आकडेमोड करून पाहावी: दोन हजारांवर शेकडा एकप्रमाणे वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेही दोनशे चाळीस. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज भोगायचे, असे लेखात स्वच्छ लिहिले आहे आणि हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवला गेला.

याचा अर्थ असा की, दुसऱ्या शतकाच्या आरंभी या प्रदेशात देणाऱ्याला एवढे कळत होते की, वास्तू देणे हे अर्धे देणे असते. उरलेले अर्धे दरसाल लागते, त्यासाठी पैसा बाजूला काढून तो सत्ताधाऱ्याच्या नव्हे तर कारागिरांच्या हाती ठेवावा लागतो. विणकरांची श्रेणी ही त्या काळची बँक. देवगावच्या नावातल्या रंगाऱ्यांचे हे सख्खे भाऊबंद.

मधली शतके आम्ही भरभर ओलांडतो, कारण तत्त्व फारसे बदलत नाही. मुघलांनी बाग ही समाधीची सोबतीण केली आणि तिच्या निगेसाठी गावे लावून दिली. ताजमहालासाठी आग्रा परिसरातल्या तीस गावांचे उत्पन्न नेमून दिल्याचे शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी नोंदवतो. शिवाय बाजार व सरायांचे भाडे. औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) पाणचक्कीचा हौद आणि त्यावरची वडाची सावली आजही भर उन्हाळ्यात शहरातल्या माणसाला विसावा देते. ती वक्फची मिळकत आहे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी बांधलेली आहे. मराठी राज्यातली देवस्थानांची वर्षासनेही याच घडणीची. मात्र या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचा आमचा विचार नाही. ज्या तीस गावांचे उत्पन्न बागेकडे गेले त्या गावांतल्या कुणब्याने त्या बागेत पाऊल टाकले असेल असे वाटत नाही. वर्षासन नियमित पोचत होते, कारण शेतसारा सक्तीने गोळा होत होता. नव्या राज्यापुढचे खरे काम होते ते नियमितपणा ठेवून मालकी बदलण्याचे: बाग सर्वांची आणि तरीही तिचा खर्च ठरलेला.

हे काम विसाव्या शतकात महाराष्ट्राने एकदा जवळजवळ साधले होते, पण ते बागेच्या नावाने नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला उतरली. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेमागे स्वतंत्र कर होता. १९७५ चा व्यवसाय कर शहरातल्या पगारदारांकडून घ्यायचा, राज्याने तितकीच भर घालायची, आणि तो पैसा खेड्यातल्या कामाच्या हक्कासाठी राखून ठेवायचा. आम्ही प्राध्यापक मंडळी पगारपत्रकावरच्या त्या कपातीकडे वर्षानुवर्षे कपाळाला आठी घालून पाहत आलो आहोत. वास्तविक अक्षयनीवीच्या सर्वांत जवळ जाणारी आधुनिक मराठी कल्पना तीच होती. त्या पैशातून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले, रस्त्यांच्या कडेची झाडे लागली. मराठवाड्यातल्या पाझर तलावावर हिवाळ्यात जी बदके उतरतात त्यांचे यजमानपद खऱ्या अर्थाने या योजनेकडे जाते. कोणत्याही कागदावर त्याला 'उद्यान' किंवा 'पक्षीनिरीक्षण स्थळ' म्हटलेले नाही, म्हणून त्या खर्चाची गणना कधी निसर्गावरच्या खर्चात झाली नाही.

मराठवाड्याचा निसर्ग सार्वजनिक पैशाच्या हिशेबात असाच येतो: दुसऱ्याच कशाची तरी पुरवणी म्हणून. जायकवाडीचे उदाहरण ढळढळीत आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी धरणाची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. पैसा सिंचनासाठी आला. पाणी उथळ आणि पसरट साठले, त्यावर रोहित पक्षी आणि चक्रवाक आले, आणि दहा वर्षांनी त्याचे अभयारण्य झाले. धरणाच्या पायथ्याशी पैठणला म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभे राहिले. एका पिढीची शाळेची सहल म्हणजे पैठण, नाथांचा वाडा आणि संध्याकाळची रंगीत कारंजी. पुढे त्या उद्यानाची रया गेली. कारंजी थांबली, हिरवळी वाळल्या, नूतनीकरणाच्या घोषणा होत राहिल्या. कारण समजायला कठीण नाही. बाग बांधली गेली ती धरणाच्या भरभराटीच्या हिशेबात. तिचे माळी, पंप, वीज, खत हे सारे मात्र ज्या खात्याचे काम कालवे चालवणे हे आहे त्याच्या देखभाल खर्चात. टंचाईच्या वर्षी कालव्याची दुरुस्ती आधी होणार की कारंज्याची, हे विचारायचीही गरज नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. मराठवाड्याच्या राजकारणाचा परवलीचा शब्द 'अनुशेष'. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात तो शास्त्रशुद्ध रीतीने मोजला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे, हे त्यात मांडले. मराठी समाजशास्त्रातले हे फार मोलाचे काम आहे आणि त्याबद्दल आम्हांला आदरच आहे. पण त्या रकान्यांत जंगल नव्हते, बाग नव्हती, मोकळे मैदान नव्हते. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या विभागाच्या अनुशेषात वनाचा रकानाच नसावा! यात दांडेकरांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. ज्या गावात पिण्याचे पाणी नाही तिथे बागेचा अनुशेष कोण मोजणार? तरीही परिणाम व्हायचा तो झाला. जे मोजले गेले नाही त्याची मागणी झाली नाही. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली तेव्हाही भांडण मोजलेल्या रकान्यांवरच झाले.

अभयारण्यांचा पैसा मात्र दुसऱ्या दिशेने, दिल्लीहून आला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलेली वने, आणि त्यांच्या आधाराने चाललेली राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्यासाठीची केंद्रपुरस्कृत योजना. २००८-०९ मध्ये तिचे 'वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास' असे नामांतर झाले. या योजनेच्या जुन्या वाटणीत एक मेख होती. सर्वसाधारण अभयारण्यासाठी अनावर्ती खर्च शंभर टक्के केंद्राचा. आवर्ती खर्चाचा निम्मा भार राज्याचा. म्हणजे गौताळ्यात निरीक्षण मनोरा बांधायचा तर राज्याला काही पडत नाही. मात्र उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करायच्या, पाणवठे गाळमुक्त ठेवायचे, रोजंदारीवरच्या वनमजुराला पगार द्यायचा, तर प्रत्येक दोन रुपयांतला एक रुपया राज्याने शोधायचा. शुष्क पानझडीचे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे जंगल. त्याला मनोऱ्यापेक्षा जाळरेषेची गरज अधिक. पण वाटणीच अशी की, शहाणा कारभारी मनोराच मागणार. २०१५-१६ पासून केंद्र व राज्य यांचे प्रमाण साठास चाळीस झाले आणि हा विषमपणा कमी झाला; सवय मात्र तोवर पडून गेली होती.

आणखी एक स्रोत आहे, आणि त्याविषयी आमच्या मनात कायम संमिश्र भावना राहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात २००२ साली दिलेल्या आदेशातून भरपाई वनीकरणाचा निधी उभा राहिला. खाण, धरण वा रस्ता यांसाठी वनजमीन वळवली की, तिचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरायचे. २००८ च्या निकालात हे दर हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये ठरले, अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. २०१६ साली कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांकडे ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम सुपूर्द झाली. त्यात महाराष्ट्राचा वाटा ३,८४४ कोटींचा. रकमेचा आकार पाहून हर्ष व्हावा असे वाटते, आणि लगेच ध्यानात येते की, हा पैसा जंगल गेल्याचा आहे. जंगल जितके अधिक जाईल तितका निधी भरेल. ज्या प्रदेशात मुळात जंगलच थोडे, तिथे वळवायलाही थोडेच.

अमेरिकेने असाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना बांधून दिला. १९६४ च्या कायद्याने भूमी व जल संवर्धन निधी स्थापला. त्याचा पैसा मुख्यतः समुद्रातल्या तेलविहिरींच्या उत्पन्नाचा. २०२० पासून वर्षाला ९० कोटी डॉलर त्याला कायमचे बांधलेले आहेत. एक नैसर्गिक ठेवा संपतो आहे तर त्याच्या मोबदल्यात दुसरा राखावा, हा त्यामागचा हिशेब. तेलाचा पैसाही निर्मळ नाही, हे उघड आहे. पण त्या अनुदानाची एक अट आम्हांला फार उद्बोधक वाटते: या पैशाच्या मदतीने घेतलेली किंवा विकसित केलेली जागा कायमची सार्वजनिक विहारासाठीच राहिली पाहिजे, दुसऱ्या कामाला वळवायची तर तितक्याच मोलाची जागा बदली द्यावी लागते. निगेचा खर्च हा निधीही फारसा देत नाही, निम्मा वाटा स्थानिकांनी घालायचा असतो. पण जागेला तो मरू देत नाही. आपल्याकडे अनुदानाबरोबर उपयोगिता प्रमाणपत्र मागतात. ते पैसा खर्च झाल्याचे प्रमाणपत्र असते. जागा जिवंत आहे का, हे त्यात विचारलेले नसते.

वेरूळ-अजिंठ्याचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. १९९२ पासून जपानी कर्जाच्या साहाय्याने दोन टप्प्यांत अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प राबवला गेला. कर्ज, अनुदान नव्हे, फेडायचे असलेले. लेण्यांच्या परिसरात वनीकरण झाले, रस्ते व विमानतळ सुधारले, आणि २०१३ मध्ये दोन्ही ठिकाणी भव्य अभ्यागत केंद्रे उघडली. काही वर्षांतच पाणी आणि विजेच्या थकबाकीपायी ती बंद ठेवण्याची वेळ आली. परदेशी कर्जातून इमारत उभी राहू शकते. दरमहा येणारे वीजबिल कोणत्या शीर्षाखाली भरायचे, याचे उत्तर मात्र त्या भव्य आराखड्यात कच्चेच राहिले. कोष्ट्यांच्या श्रेणीने अशा आराखड्यावर सही केली नसती.

आता पुन्हा देवगावकडे. महानगरांना उद्यानांसाठी २०१५ च्या 'अमृत' योजनेत अडीच टक्के रक्कम राखून ठेवलेली होती, पण ती योजना लाखावर वस्तीच्या शहरांची. खेड्याला उघड्यावरच्या जागेसाठी पैसा मिळतो तो बहुधा 'क' वर्ग तीर्थक्षेत्र वा पर्यटनस्थळ म्हणून, जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीने. त्यातून सभामंडप होतो, पेव्हर ब्लॉक बसतात, कमान उभी राहते. वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीकडे येतात, पण पंधराव्या आयोगात त्यातला मोठा भाग पाणी व स्वच्छतेला बांधलेला, ते योग्यच. गावाची स्वतःची मोकळी जागा म्हणजे गायरान. त्याचे नाव घेताच उद्यानप्रेमी माणसाला गप्प व्हावे लागते. मराठवाड्यात गायरानावर भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासूनचा तो लढा आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली झाला. ती जमीन काढून घेऊन तिथे 'वनउद्यान' करावे असे सुचवणाऱ्याने आधी ताजमहालाच्या तीस गावांची आठवण ठेवावी. अभयारण्याच्या कडेच्या गुराख्याचेही तेच. चराईवर आलेल्या निर्बंधाचा बोजा तो उचलतो. मनोऱ्यावर चढून संध्याकाळ पाहणारा शहरातून येतो. अशा माणसाला वर्षातून दोनशे दिवसांचे जाळरेषेचे आणि पाणवठ्याचे काम ठरलेल्या मजुरीने मिळाले तर अभयारण्य त्याचेही होईल. तसा खर्च करायचा तर तो आवर्तीच असावा लागतो.

वृक्षलागवडीत हीच गोष्ट पुन्हा दिसली. राज्याने २०१६ साली २ कोटी, पुढे ४, १३ आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले. लावलेल्या झाडांचे आकडे रोज प्रसिद्ध होत होते. जगलेल्या झाडांचा वाद विधिमंडळापर्यंत गेला. खड्डा, रोप आणि छायाचित्र ही जुलैची कामे. मराठवाड्यात रोपाचा प्रश्न मार्चमध्ये सुरू होतो, म्हणजे नेमका आर्थिक वर्ष संपताना.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिच्या हाती 'स्थानिक जैवविविधता निधी' यांची तरतूद केली आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घालून दिल्यावर २०१९-२० मध्ये गावोगावच्या समित्या आणि त्यांच्या नोंदवह्या घाईघाईने तयार झाल्या. त्या नोंदवहीत गावचे ओढे, झाडे, पक्षी, औषधी वनस्पती लिहायच्या असतात. निधीत अनुदान, कर्ज, शुल्क असे काहीही जमा करता येते, आणि ते गावच्या जैवविविधतेच्या जतनासाठी व गावाच्या हितासाठी खर्च करायचे असते. तीन हजार कार्षापणांचे मुद्दल ठेवून घेण्याजोगी संस्था कायद्याने गावात उभी करून दिलेली आहे. शिवनेच्या खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींनी पुढच्या विकास आराखड्यात या निधीसाठी एक ओळ घालावी आणि तिच्यासमोर 'आवर्ती' असे लिहावे.